आश्रितांचा रकाना

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. आई गेल्यावर ते सिन्नरहून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. पण 'राहायला आलो' असं त्यांनी कधीच कबूल केलं नाही. कुणी विचारलं तर "लेकीकडं आलोय चार दिवस" एवढंच सांगतात. या चार दिवसांत आमच्या घराला रंग देऊन झाला आणि माझी मुलगी बारावी होऊन पुण्याला शिकायलाही गेली.

अण्णांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यामुळे अधूनमधून डॉक्टरांना दाखवावं लागतं. पूर्वी सकाळी जाऊन बाकावर पिशवी ठेवली की नंबर लागायचा. पिशव्या वर रांगेत आणि त्यांचे मालक खाली चहाच्या टपरीवर, अशी छान व्यवस्था होती. मग हॉस्पिटलने ॲप काढलं. नंबर, रिपोर्ट, गोळ्यांची आठवण, सगळं मोबाईलवर. मी हौसेने ते माझ्या फोनवर घेतलं, अण्णांची माहिती भरली, त्यांचा माकडटोपीतला फोटो चिकटवला आणि त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरून वाचला आणि परत दिला.

"मला नाय जायचं डॉक्टरकडं."

कारण विचारलं तर रोज नवीन. "ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून बँकवाले घसा कोरडा करून सांगत्यात, आन् तू दिला बी!" "लाईट गेली तर नंबर कुठं जाईल?" "बाकावरची पिशवी दिसते तरी. ॲप दिसतं का कुणाला?"

हॉस्पिटलच्या मदत खिडकीवरची मुलगी मला समजावत म्हणाली, "आजोबांना जमत नसेल हो मॅडम. या वयात होतं असं." मीही मान डोलावली आणि घरी येऊन अण्णांना मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून ॲप शिकवायला बसले. आता आठवलं की हसू येतं. जो माणूस यूट्यूबवर रोज कांद्याचे भाव बघतो, उजाडायच्या आत निवृत्त कंडक्टरांच्या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकतो आणि मोबाईलवर रमी खेळून जावयाला हरवतो, त्याला मी बटण कुठे दाबायचं ते दाखवत होते.

इकडे तपासणीची वेळ टळून गेली होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून खिडकीतून बाहेर बघायला लागले. तिथून पाण्याच्या टाकीशिवाय काही दिसत नाही. ते टाकी बघत नसून दम खात आहेत हे मला कळत होतं, आणि मला भीती वाटत होती. मला भीती वाटली की मी चिडते. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच चिडत होते.

एका रविवारी आम्ही पोहे खात असताना माझा फोन वाजला. नवऱ्याने तो उचलला आणि मोठ्याने वाचलं, "आपल्या आश्रित सदस्याची तपासणी बाकी आहे."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "आश्रित! ऐकलं? पहिल्या दिवशीच वाचलं व्हतं मी ते. अख्खी नोकरी फुकट्यांना उतरवण्यात गेली माझी. सख्खा मेव्हणा तिकिटाबिगर बसला म्हणून पांढुर्लीला उतरवला. मी कधी कुणाच्या तिकिटावर बसलो नाय. आन् आता लेकीच्या मोबाईलमधी आश्रित?"

म्हणजे ओटीपी नाही, लाईट नाही, पिशवी नाही. एवढंच होतं ते! मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी राग आला.

"मग घ्या ना तुमच्या फोनवर! कुणी हात धरलेत तुमचे?"

नवरा पोह्यांची बशी घेऊन बाल्कनीत निघून गेला. त्याला आम्हा बापलेकीचा जुना अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले तर अण्णा टोपी घालून सोफ्यावर बसलेले. सिटी बसने हॉस्पिटलला जाऊन, मदत खिडकीवरच्या त्याच मुलीला शेजारी बसवून त्यांनी ॲप घेतलं होतं. मला फोन दाखवला. वर ठळक अक्षरांत 'मुख्य सदस्य', आणि तिथे अण्णा. खाली आश्रितांचा रकाना, आणि तिथे मी, लग्नातल्या फोटोतल्या मुंडावळ्यांसकट. माझ्याखाली माझा नवरा.

"जावईबापूंनाबी घेतलंय," अण्णा म्हणाले. "गरीब माणूस हाय."

त्याच आठवड्यात ते डॉक्टरांना दाखवून आले. औषधं बदलली, हळूहळू टाकी बघणं बंद झालं, आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला. कारण ॲप आता मुख्य सदस्याला आश्रितांच्या तपासणीची आठवण करून देऊ लागलं. माझं डोकं सारखं दुखायचं. मी ते वर्गातल्या गोंगाटाच्या नावावर खपवत होते. अण्णांनी मला न विचारता शनिवारचा नंबर लावला. मी वेळ नाही म्हणाले, तर "रद्द करायचं माझ्या हातात हाय" असं उत्तर मिळालं.

शनिवारी त्यांच्या फोनवर आमचा नंबर आला. अण्णा उठले, माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावली आणि भर गर्दीतून मला घेऊन निघाले. "चला, पुढं सरका, पुढं सरका." लोक खरंच सरकले.

रिपोर्ट अर्थातच त्यांच्या फोनवर आला. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटाजवळची लोणच्याची बरणी उचलून आपल्याकडे घेतली. "बीपी वाढलंय तुझं. लोणचं बंद."

आई गेल्यापासून माझ्या ताटात कुणी डोकावलं नव्हतं. मी सगळ्यांना वाढते, मला कोण बघणार?

"तुझा रिपोर्ट तुझ्याच फोनवर यायला हवा," नवरा हळूच म्हणाला. "तुझ्याकडे आहे ना ॲप. वेगळं नाव नोंदव."

भांडी आवरून झाल्यावर मी फोन घेतला आणि माझ्याकडचं ॲप काढून टाकलं.