फाटकापुढची धार

आमच्या विद्यापीठाचं उपकेंद्र शहराच्या कडेला, उसाच्या फडाला लागून. पाटी ही एवढी मोठी, खोल्या मात्र चार, वर पत्रा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिकायला आम्ही आसपासच्याच, गोठ्यातनं उठून येणाऱ्या पोरी आणि पोरं.

मुख्य आवारातून नवे प्रमुख आले आणि फर्मान निघालं. सातला तास, सातला फाटक बंद. तिकडं चालतं ते इकडंही चालणार. चालतंय डोंबल! सातच्या आधीची वेळ धारेची, ती उरकून पोचेस्तवर फाटक बंद. आई गेल्यापासून आमची म्हैस फक्त माझ्याच हाताला पान्हवायची. दुसरं कुणी खाली बसलं की लाथ. आबांची अट एकच, "धार चुकली की कॉलेज बंद." आणि इकडं हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. कुठूनही बघा, शिक्षण माझंच जाणार होतं.

बरेच दिवस बंद फाटकावरून परत फिरले. शेवटी डोकंच सटकलं. आमच्या कोल्हापुरात भर चौकात म्हशी उभ्या करून धारा काढतात, लोक पेला धरून तिथंच दूध पितात. मग या फाटकानं काय घोडं मारलंय? एका सकाळी म्हैस सोडली ती थेट उपकेंद्रावर नेली. फाटकाच्या खांबाला बांधली आणि चरवी घेऊन खाली बसले. पोरं जमली. परक्या जागी म्हैस बिथरली होती, पण मी कास चोळत राहिले, आणि पान्हवली की!

प्रमुख तरातरा आले. "हा काय तमाशा? म्हैस घेऊन आधी घरी जा."

"न्हाई जाणार. सात वाजायचे हाईत अजून. म्हस हितंच बांधून तासाला बसणार."

त्यांनी शिपायाला फाटक लावायला सांगितलं. मी चरवी उचलून फाटकाला पाठ लावून उभी राहिले. हलतंय कोण?

तेवढ्यात गोठा रिकामा बघून आबा धावत आले. संपलं कॉलेज! प्रमुखांना आणखी जोर चढला. "समजावा तुमच्या मुलीला. एक तर म्हैस सांभाळ म्हणावं, नाहीतर डिग्री."

आबांनी माझ्याकडं बघितलं, भरलेल्या चरवीकडं बघितलं. मग ते वळले.

"ते तुमी कोण ठरवणार, ओ पावणं? म्हस मी सांभाळतो. लावतो माझ्या हाताची सवय, खातो चार लाथा. तुमी फाटक उघडा."