पाठच्या पानावरचा ड्रॅगन

इसुरुगी फुमिनो आमच्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याकडे दोन पिशव्या होत्या आणि त्यांतली एक नुसत्या शाईच्या बाटल्यांनी भरलेली होती. ती हिमीची, समुद्रकाठची. तिचे वडील मासेमारीची जाळी विणायचे. चित्रकथेत अंधार किंवा सावली दाखवायची असली की बाकीचे चित्रकार ठिपक्यांचा छापील कागद कापून चिकटवतात. फुमिनोला ते मान्य नव्हतं. समुद्र असो की राक्षसाची पाठ, ती टाकाने रेघेत रेघ अडकवत जायची, जाळ्याच्या गाठी माराव्यात तशी. पट्टीला हात लावायची नाही. तिच्या किल्ल्यांच्या भिंती थोड्या कललेल्या असत आणि त्यामुळेच आत कुणीतरी खरंच राहतंय असं वाटे. निदान मला तरी वाटे. मला चित्रातलं फारसं कळत नाही. तिच्या गोष्टी ज्या मासिकात यायच्या ते ज्या छापखान्यात छापलं जाई, तिथे मी यंत्रावर होतो, इतकंच.

शोवा एकसष्ट साल, म्हणजे एकोणीसशे शहाऐंशी. ‘मिठाचा राजा’ ही तिची मालिका सुरू होऊन चौदा महिने झाले होते. नागी नावाची मुलगी आपलं गाव गिळणाऱ्या ड्रॅगनला होडीतून शोधत फिरते, अशी ती गोष्ट. चौदा भागांत ड्रॅगन एकदाही दिसला नव्हता. मासिकात एक पोस्टकार्ड जोडलेलं असतं. आवडलेल्या तीन गोष्टींवर खूण करून वाचक ते पाठवतात, आणि त्यावरून कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं ते ठरतं. सोळा मालिकांत फुमिनो पंधरावी होती.

तिचे संपादक कांबारा-सान आले ते दारात बूट काढतानाच बोलू लागले. चित्रकारांना ते ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. “सेन्सेई, पंधराव्या भागाला मतं वाढली तर ठीक. नाहीतर सोळाव्यात गोष्ट गुंडाळा, असं वरून सांगितलंय.”

“पंधराव्यात ड्रॅगन येतोय,” फुमिनो म्हणाली. “समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र. या कडेला शेपटी, त्या कडेला डोकं.”

तीन आठवडे ती त्या दोन पानांवर बसली होती. माझी बायको सुमिए ताट घेऊन वर जायची.

“अगं, आधी जेवून घे. तो काय पळून जातोय?”

“काकू, चौदा महिने पळालाच की तो!”

पानं संपादकांकडे गेली. पुढच्या शनिवारी सकाळी कांबारा-सान परत आले आणि या वेळी दारातच माफीसाठी खाली वाकून उभे राहिले. गोष्टीच्या मध्येच जाहिरातीचं एक पान घालावं लागलं होतं. त्यामुळे पुढची सगळी पानं एकेक घर सरकली आणि समोरासमोर येणारी दोन पानं आता एकाच कागदाच्या पुढेमागे पडली. अर्धा ड्रॅगन बघायचा, कागद उलटायचा, मग उरलेला अर्धा.

“म्हणजे मासा कापून विकल्यासारखंच झालं,” सुमिए म्हणाली.

“आधीचं एखादं पान गाळलं तर पुन्हा जुळेल,” कांबारा-सान म्हणाले.

“कुठलं गाळू? तुम्हीच सांगा.”

त्यांनी सगळी पानं दोनदा चाळली आणि पुन्हा नीट रचून ठेवली. सोमवारी दुपारपर्यंतची मुदत देऊन ते गेले.

फुमिनो खिडकीशी बसून जुना अंक उलटसुलट करत राहिली. मग एक पान उजेडात धरून म्हणाली, “काका, मागच्या पानावरचं काळं इकडे दिसतंय.”

मला ओशाळल्यासारखं झालं. बावीस वर्षं मी त्याच दोषाशी झगडत होतो. “कागद हलका आहे गं. शाई जास्त झाली की पलीकडे दिसते. आम्ही ती कमी करतो.”

“कमी नका करू. पुढचं आणि मागचं चित्र एकावर एक किती नेमकं बसतं?”

“भरवसा नाही. तांदळाच्या दोनतीन दाण्यांएवढं इकडेतिकडे होतंच.”

“होऊ दे. ड्रॅगन मोठा आहे.”

तिने एक कोरा कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला. पुढच्या बाजूला वर एवढीशी होडी, होडीत नागी, आणि खाली पानभर समुद्र, पण पांढरा, एकही रेघ नसलेला. नागीच्या तोंडी एकच वाक्य: “इथे तर काहीच नाही.” मग तिने कागदाची पाठ पुढे केली आणि बरोबर त्या पांढऱ्या समुद्रामागे ड्रॅगन विणायला घेतला, काळाभोर. ते चित्र होतं नमुन्यासाठी. त्यावरून तिने दोन वेगळी पानं काढली आणि रविवारी संध्याकाळी हात धुतले.

कांबारा-सान घाबरले. “खाली एक ओळ टाकू या ना, पान उजेडात धरा म्हणून.”

“नको. नागीला दिसत नाही आणि वाचणाऱ्याला दिसतंय, त्यातच तर भीती आहे.”

यंत्रावर ती प्लेट चढली तेव्हा माझे हात सवयीने शाई कमी करायला गेले. ते मी आवरले. सोबतचा यंत्रवाला म्हणाला, “झोप लागली काय? मागे दिसतंय की!” मी म्हटलं, “दिसू दे.” नोकरीत इतकं उद्धट मी कधी बोललो नव्हतो.

अंक बाजारात आला आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. छपाई बिघडली म्हणून चौदा फोन आले होते.

“बावीस वर्षं काम करून एवढं कळत नाही तुम्हाला?”

“मुद्दाम केलंय, साहेब.”

“मुद्दाम?” मी मान खाली घालून उभा राहिलो. घरी फुमिनोला यातलं काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी कांबारा-सान एक खोकं मिठीत धरून आले. बूट काढायलाही विसरले होते. सुमिए ओरडली, “अहो, चटईवर बूट!” ते तसेच मागे सरकले आणि दारातूनच म्हणाले, “पहिली! सेन्सेई, पहिल्या नंबरवर!”

खोक्यात पोस्टकार्डं होती. आम्ही तिघं ती मोठ्याने वाचत बसलो आणि ते दारातच बसून ऐकत होते. एका मुलीने लिहिलं होतं की पानावर डाग पडलाय म्हणून ती बोटाने पुसायला गेली, आणि डागात डोळा दिसला. एकाने आजोबांना दाखवायला पान खिडकीवर चिकटवलं होतं आणि आता घरात कुणी ती खिडकी उघडू देत नव्हतं. फोन करणाऱ्यांतल्या एकाने तर कार्डावर माफी मागितली होती. ते कार्ड फुमिनोने मला दिलं. “काका, हे तुमचं.”

“मालिका चालू राहणार,” कांबारा-सान म्हणाले. “पुढचं मुखपृष्ठही तुमचंच.”

फुमिनोने डोळे पुसले आणि लगेच हिशोबाला लागली. “नागी आता पाण्यात उतरणार. आठ पानं जास्त लागतील.”

“चार.”

“आठ. आणि मध्ये जाहिरात नको.”

“सहा, आणि जाहिरात…”

“कांबारा-सान.”

“आठ,” ते म्हणाले.

ती मालिका त्यानंतर अकरा वर्षं चालली. पहिल्यांदा पुस्तक निघायची वेळ आली तेव्हा जाड, चांगला कागद ठरला होता. त्यातून काही पलीकडे दिसलं नसतं. फुमिनो अडून बसली: बाकी पुस्तक हवं तसं करा, पण तो एक कागद हलकाच हवा. प्रकाशकाने मानलं. तसा कागद शोधून आणायला आमच्या साहेबांनी मलाच पाठवलं, आणि शाई किती सोडायची तेही मलाच विचारलं.

मी म्हटलं, “भरपूर.”