खाडीवरचा बर्फ

गोठलेली खाडी ओलांडायची तर उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावातले लोक आधी आयपिलीला विचारत. बर्फाचा रंग पाहून, भाल्याने ठोकून तो सांगे. मागच्या नोव्हेंबरात त्याने धाकट्या भावाला, माकूसीला, "जा बिनधास्त," म्हटलं. बर्फ फुटून माकूसी बर्फावरच्या स्लेजगाडीसकट पाण्यात गेला, तो सापडलाच नाही.

हिवाळा सरता सरता आयपिलीची मुलगी उलायू दक्षिणेतल्या कॉलेजातून घरी आली. समुद्राचा बर्फ हाच तिच्या संशोधनाचा विषय होता. रेकॉर्डर सुरू करून तिने विचारलं, "बाबा, पक्का बर्फ कसा ओळखायचा?"

"पूर्वी ओळखायचो, पोरी. आता पाणी खालून कुरतडतं, वरून काही कळत नाही."

"मग पूर्वीचं सांगा ना."

"आणि ते ऐकून उद्या कुणी गेला त्यावर, तर?"

उलायूने रेकॉर्डर बंद केला. कॉलेजात परतल्यावर तिने विषयच बदलून घेतला. आयपिली अजूनही रोज किनाऱ्यापर्यंत जातो आणि बर्फावर पाय न ठेवता माघारी येतो. त्याला आता कुणी काही विचारत नाही.