सासऱ्यांचा एक दगड आणि माझे सात

भिंतीत एका दगडाची जागा रिकामी का, असं विचारलंत ना? आता विचारलंतच, तर चहा गार होऊ देऊ नका आणि ऐका. एवढी फजिती मी स्वतःहून कुणाला सांगत नाही.

पुण्याबाहेर मांजरीला फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलच्या एका भिंतीवर मधोमध दगड लावायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. तेही विकतचे नाहीत. सिलिकॉनचा साचा करायचा आणि त्यात सिमेंट ओतून घरीच दगड पाडायचे! हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये माझे रोज जाऊन-येऊन चार तास जातात. तेवढ्या वेळात मोबाइलवर माणूस काहीही शिकतो.

साच्याला नमुना हवा, एक देखणा खरा दगड. तो होता माझ्या सासऱ्यांकडे.

सासरे म्हणजे अण्णा. राहायला शनिवार पेठेत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. नोकरीतल्या पहिल्याच सहलीत त्यांना एक काळा दगड सापडला, मधून पांढरी शीर गेलेला. चाळीस वर्षं तो काचेच्या कपाटात आहे. मी मागितला, तेव्हा मूत्रपिंड मागितल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. पण दिला बरं का! आठ दिवसांच्या बोलीवर, सोबत चिठ्ठी: 'दगड धुऊ नये. घासू नये. रविवारी सकाळी परत आणावा.' त्या रविवारी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि अण्णा या दगडावरच बोलणार होते.

मी लागलो कामाला. दगड फळीवर चिकटवला, भोवती चौकट केली, सिलिकॉन चिकटू नये म्हणून दगडाला व्हॅसलीन चोपडलं. सिलिकॉन ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सोललं. काय साचा निघाला म्हणून सांगू! दगडावरचा बारीकसा ओरखडासुद्धा उतरला होता. मग बसच्या आधी एक आणि बसनंतर एक, असे चार दिवसांत काळ्या सिमेंटचे सात दगड पाडले. पांढरी शीर ब्रशनं रंगवली. ओले असतानाच प्रत्येकाच्या पाठीवर नंबर कोरला, एक ते सात. पद्धतशीर काम!

भानगड एवढीच, की व्हॅसलीननं अण्णांचा दगड चकाकायला लागला होता. आणि धुवायचा नाही, अशी लेखी ताकीद. मग माझ्यासारख्या हुशार माणसानं काय करावं? बाकीच्या सातांनाही व्हॅसलीन लावलं. आठही ओळीनं बाल्कनीत मांडले आणि बायकोला, वृंदाला, म्हटलं, ओळख यातला अण्णांचा कुठला. तिला ओळखता येईना. मी इतका खूश झालो, की दगड तसेच ठेवून ऑफिसला गेलो.

दुपारी गवंडी दत्तूमामांचा फोन आला, दगड लावायचे का म्हणून. मी मीटिंगमध्ये. बाल्कनीत आहेत तेवढे सगळे लावून टाका म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आलो. भिंत झकास दिसत होती. मग दगड मोजले. आठ.

दत्तूमामांना फोन लावला. त्यातला एक पाठीला नंबर नसलेला खडबडीत दगड कुठाय, विचारलं.

"हां, त्याची पाठ लई वाकडी हुती. ग्राइंडरनं घासली, मग बसला चपखल."

"अहो, पण बसवला कुठं?"

"आता ते कसं सांगू, सायेब? सगळे सारखे तुम्हीच केल्यात."

शनिवारची सकाळ भिंतीला कान लावून दगडांवर चमच्यानं टकटक करण्यात गेली. आधी चार दगड खरे वाटले, मग आठही खोटे वाटले. वजनावरून कळलं असतं हो, पण भिंतीवरच्या दगडाचं वजन करणार कसं? शेवटी वृंदानं दत्तूमामांना बोलावलं, चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि अण्णांना खरं सांगायला लावलं.

अण्णा रिक्षा करून आले. चष्मा पुसला, भिंतीवरून एकदा नजर फिरवली आणि वरच्या ओळीतल्या एका दगडावर बोट ठेवलं. "हा. काढा."

दत्तूमामांनी छिन्नीनं हलकेच सोडवून तो माझ्या हातात दिला. मागचा सिमेंटचा माल अंगठ्यानं झाडला, तर पाठीवर माझ्याच अक्षरात 'पाच'.

अण्णा हात पुढे करून उभे. गप्प बसलो असतो, तर सुटलो असतो. पण म्हाताऱ्या माणसाचा चाळीस वर्षांचा दगड हो, मला खरंच लाज वाटली. म्हटलं, "अण्णा, हा तुमचा नाही. हा मी केलाय. मागे नंबर आहे, बघा."

त्यांनी नंबर बघितलाच नाही. माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुम्हाला इतकं जमलं असतं, तर आणखी काय हवं होतं?"

मी वजन सांगितलं, सिमेंट सांगितलं, साचा आणून दाखवला. चाळीस वर्षं उचलतोय, वजन मला शिकवू नका, म्हणाले. दगड रुमालात गुंडाळला आणि निघाले. खरा राहिला भिंतीवरच, उरलेल्या सातांत. कुठला, ते मला आजही ठाऊक नाही.

रविवारी मेळाव्यात मी पहिल्या रांगेत होतो. अण्णा सुरेख बोलले. लोक रांग लावून माझ्या पाच नंबरवरून हात फिरवत होते. हल्ली अगदी हुबेहूब नकली दगड मिळतात म्हणे, असं एका बाईंनी विचारलं.

"हुबेहूब कसले?" अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या घरी सात आहेत. जाऊन बघा. लांबूनच कळतं."

सगळे हसले. आणि टाळ्या वाजवायला सुरुवात मीच केली.