मामांची मिशी आणि माझा कॉम्प्युटर

माझ्या सासऱ्यांची मिशी मी सोनेरी केली, ही गोष्ट खरी आहे. पण मला कॉम्प्युटर पांढरा करायचा होता.

जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायचा मला नाद आहे. (बायको ‘खूळ’ म्हणते.) त्यांचं प्लास्टिक वयानं पिवळं पडतं. पार्लरवाले केसांचा रंग उडवायला जे क्रीम वापरतात, ते त्याला फासायचं आणि उन्हात ठेवायचं. ऊन तर सोलापुरात फुकट!

गेल्या मे महिन्यात गच्चीवर माझं हेच चाललं होतं. त्या संध्याकाळी मेहुणीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा सोलापूरचा, म्हणून कार्यक्रम आमच्याच घरी. त्यासाठी सासरे करकंबहून मेहुणीला आणि आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन सकाळीच आले होते. ते वर डोकावले.

“जावईबापू, ह्ये काय लावताय?”

“जादू आहे, मामा! हे लावून उन्हात ठेवलं की म्हातारं तरुण झालंच म्हणून समजा!”

“लई भारी की!”

मी खाली येऊन जेवलो, डुलकी काढली. वाटी आणि ब्रश वरच राहिले.

मामा गच्चीवरून उतरले, तेव्हा त्यांच्या नाकाखाली मक्याच्या कणसाचे केस उगवले होते!

“अहो, माझ्या बाबांना काय केलंत?” बायको किंचाळली.

“मी कॉम्प्युटरला लावत होतो!”

“तुमीच म्हणला न्हवं, म्हातारं तरुण हुतंय?” मामा आरशासमोरून गरजले.

“मामा, मिशी काढूनच टाकू या का?”

त्यांच्याकडे मिशी उतरवतात ती वडील गेल्यावर. आणि मामांचे वडील समोरच चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

“म्हंजी मी मेलो व्हय?” आजोबांनी विचारलं.

शेवटी बायकोनं मिशीला काजळ फासलं. पाहुणे आले, पोहे झाले, मुलगा मेहुणीकडे बघून लाजलासुद्धा! तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मामांना घाम फुटला आणि काजळाचा ओघळ हनुवटीवरून थेट पांढऱ्या सदऱ्यावर! मुलाचे वडील चहाची बशी हातात धरून बघतच राहिले.

“दाजी, कायतरी करा की!” मेहुणी रडवेली होऊन माझ्या कानात पुटपुटली. तिला मुलगा आवडला होता.

मला राहवेना. मी गच्चीवरून कॉम्प्युटर आणला, टीपॉयवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. (“बघा, हा किती छान पांढरा झालाय!” हे सांगायची काही गरज नव्हती.)

मुलाचे वडील इतके हसले की हातातला चहा सांडला. “पावणं, तुमच्या घरात करमणूक हाय. पोरगी पसंत हाय आमाला!”

लग्न ठरलं. अट एकच: लग्नात मला कुठल्याही कामाला हात लावू द्यायचा नाही. मुलाकडच्यांनी घातली असती, तर मी समजू शकलो असतो. पण घातली आमच्या मामांनी, आणि सगळ्यात आधी ‘व्हय, व्हय!’ म्हणाली माझी बायको!