पायताणांची राखण

‘‘बरं झालं डॉक्टर, तुम्ही बाहेर आहात. जोड्यांवर लक्ष राहील.’’

हे वाक्य सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांनी उच्चारले. हसत उच्चारले. इतर सभासदही हसले आणि अनवाणी, ओल्या पायांनी पानमळ्याच्या फाटकातून आत गेले. मी बाहेर राहिलो. समोर जोड्यांची रांग. त्या रांगेत माझेही जोडे होते. कारण सर्वांबरोबर मीही ते काढले होते, मीही हौदावर पाय धुतले होते.

असे काही घडलेच नाही, असे आता सांगतात. कुणी म्हणतो, घडले, पण डॉक्टर स्वतःहून बाहेर थांबले. ज्या सरकारी महामंडळाचे हे सल्लागार मंडळ, त्याच्या सोहळ्यात एका निवृत्त सभासदाने नुकतेच भाषण केले : ‘डॉक्टरांनी परंपरेचा मान राखला.’ टाळ्या पडल्या म्हणे. मी अजून जिवंत आहे, म्हणून लिहितो. मी कसलाही मान राखला नाही. मला अडवण्यात आले.

गोष्ट ऐंशीच्या सुमाराची. शेतमालासाठी काढलेल्या त्या महामंडळाने नुकतेच सल्लागार मंडळ नेमले होते आणि त्यावर पिकांच्या रोगांचा जाणकार हवा होता. ती माझी विद्या. ती मी कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेली नव्हती. अध्यक्ष स्वतः नाशकातल्या आमच्या वसाहतीत आले. विहाराशेजारी त्यांची गाडी उभी राहिली, मुले गोळा झाली. ‘‘तुमच्यासारखा माणूस मंडळावर हवाच,’’ ते म्हणाले.

ते गेल्यावर पत्नीने कप उचलला. ती शिक्षिका होती. तिची नजर चुकत नसे.

‘‘चहा घेतला नाही त्यांनी.’’

‘‘घाईत असतील.’’

‘‘तासभर बसले होते.’’

मला ती खुर्ची हवी होती. हे मी लपवत नाही. कोणत्या रोगावर कोणते औषध शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचे, हे तेव्हा दुकानदार ठरवीत. मंडळाच्या शब्दाने ते थांबू शकले असते. शिवाय आमच्यातला कुणी अशा खुर्चीवर तोवर बसला नव्हता.

ठरावाआधी शेतभेट ठरली. मंडळाचे एक सभासद, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांचा सायखेड्याकडे गोदाकाठी विड्याच्या पानांचा मळा होता. वेली उभ्याच्या उभ्या सुकत होत्या. मी रोग सांगायचा, आणि दुपारी माझ्या नेमणुकीचा ठराव व्हायचा. वाटेत शेजारच्या एका पानमळ्यापाशी गाड्या थांबल्या. ‘‘तुम्ही बसा डॉक्टर, पाच मिनिटांत आलो,’’ अध्यक्ष म्हणाले. मी गाडीत बसलो. तेव्हा संशय आला नाही.

तात्यांच्या फाटकापाशी मात्र संशयाला जागाच उरली नाही. मी पाऊल उचलले आणि तात्यांचा हात आडवा आला.

‘‘सायेब, तुम्ही इथंच थांबा. मळा लय कडक हाय. इटाळ खपत नाय त्याला. येल भायेर आणून दावतो.’’

मी अध्यक्षांकडे पाहिले. ते वेलींकडे पाहत होते. मग ते जोड्यांचे वाक्य.

माझे वडील अशाच एका मळ्याला लव्हाळा पुरवीत. नदीकाठी कापायचा, पेंढ्या बांधायच्या आणि कुंपणावरून आत फेकायच्या. त्याच लव्हाळ्याने आतली माणसे वेल आधाराच्या झाडाला बांधीत. लव्हाळा वेलीच्या अंगाला लागून राही. तो कापणारा कुंपणाबाहेर. लहानपणी मी विचारले होते, मळा आतून कसा असतो? वडील म्हणाले होते, ‘‘गार असंल.’’

असंल! आयुष्यभर लव्हाळा पुरवून माणसाला एवढेच ठाऊक. आणि एवढे शिकून मीही त्याच जागी उभा. उन्हात. जोड्यांपाशी.

मंडळी बाहेर आली. तात्यांनी एक कापलेली वेल माझ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि ते मागे सरले.

‘‘बघा, काय रोग हाय.’’

‘‘मुळे कुठे आहेत?’’

‘‘मुळं कशाला? पानं बघा की.’’

‘‘मला माती पाहायची आहे. पाणी कुठे साचते ते पाहायचे आहे.’’

‘‘पाटीत आणतो माती.’’

‘‘पाटीत मळा येत नाही, तात्या.’’

अध्यक्षांनी मला बाजूला घेतले. ‘‘आज जरा समजून घ्या. ठराव दुपारी होतोय. तुमच्या समाजासाठीही मोठी गोष्ट आहे. तुम्ही कचेरीत बसून सल्ला द्या. शेतभेटींना तुमचा मदतनीस जाईल.’’

‘‘मदतनीस कोणत्या समाजाचा नेमणार?’’

‘‘तुम्ही फार लवकर चिडता, डॉक्टर.’’

माझी नजर खाली गेली. त्यांच्या पायांवर. घोट्यापर्यंत चिखल. उभी वेल सुकवणारा मर हा रोग मातीतला; ओल्या मातीबरोबर तो मळ्यामळ्यांत फिरतो. सकाळी हेच पाय शेजारच्या मळ्यात असेच अनवाणी फिरले होते. फाटकाशी त्यांच्यावर हौदातले तांब्याभर पाणी ओतले गेले. तेवढ्याने पाय शुद्ध झाले. बोटांच्या बेचक्यांतला चिखल तसाच आत गेला. रीतच होती ती. पिढ्यान्‌पिढ्यांची.

‘‘तात्या, तुमचा मळा पायांनी मरतो आहे. आजही शेजारची माती बेचक्यांत घेऊन तुम्ही सगळे आत फिरलात. आत न गेलेले पाय इथे दोनच आहेत.’’

मी माझ्या पायांकडे बोट दाखवले. या वेळी कुणी हसले नाही.

‘‘म्हंजी इटाळ आम्ही केला म्हणता?’’

‘‘विटाळ नव्हे, रोग. विटाळ तुम्ही मला लावलात. रोग मळ्याला.’’

मी रांगेतून माझे जोडे उचलले आणि घातले.

‘‘ठरावाचं काय?’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘जिथे मला प्रवेश नाही, तिथला सल्लागार मी नाही. माझे नाव घालू नका.’’

रागाच्या भरात निघून गेलो, असेही एक जण सांगत फिरतो. राग होता, भर नव्हता. नाड्या मी नीट बांधल्या. मग सायखेड्यापर्यंत चालत गेलो आणि एसटी धरली.

घरी पत्नीने विचारले, ‘‘आत घेतलं?’’

‘‘नाही.’’

‘‘खुर्ची?’’

‘‘तीही नाही.’’

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मी नोकरीला होतो त्या शेतीखात्याने माझी बदली इगतपुरीच्या पावसात भाताच्या खाचरांवर केली. तात्यांचा मळा पुढे पुरता सुकून बसला. गावात बोलले गेले, डॉक्टरची नजर लागली. म्हणजे आत घेतले तर विटाळ, बाहेर ठेवले तर नजर! मला मळा गेल्याचा आनंद झाला नाही. दुःखही झाले नाही.

आता महामंडळाचे निमंत्रण आले आहे. ‘मंडळाचे पहिले वनस्पतिरोगतज्ज्ञ’ म्हणून माझा सत्कार योजला आहे. मी त्या मंडळावर एक दिवसही नव्हतो. ज्यांनी मला फाटकाबाहेर ठेवले, त्यांना आता मी आत होतो असे दाखवायचे आहे. माझ्या तोंडून, माझ्या खांद्यावर शाल टाकून.

माझे नाव काढा, असे कळवले आहे. काढले नाही, तर मी येईन. शाल घेणार नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून ते जोड्यांचे वाक्य जसेच्या तसे म्हणेन, आणि ते कुणाचे होते, हेही सांगेन. व्यासपीठावर चढताना पादत्राणे खाली काढण्याची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे.

माझी पायांत असतील.