अक्काच्या वतीनं

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. सातपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला होता. प्रश्न शेजारी बसलेल्या बाईविषयी होता. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो होतो. मी तिला काही विचारलं नाही आणि परस्पर "नाही" म्हणून मोकळा झालो. खरं उत्तर "हो" होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या बाईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिच्याविषयी लिहायचं तर हे आधी लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कौतुक होऊन बसेल.

अक्काला हळू बोलता यायचं नाही. चाळीच्या या टोकाला ती शांताला, म्हणजे तिच्या लेकीला, हाक मारायची आणि त्या टोकाची माणसं वळून बघायची. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, आणि बोलायची ते निखळ कानडी. आणीबाणीच्या वर्षी ती, तिचा नवरा आणि तीन वर्षांची शांता कर्नाटकातल्या आळंदकडून नाशकात आली. एक पत्र्याची ट्रंक, एक वरवंटा आणि ज्वारीचं अर्धं पोतं एवढाच संसार. नवरा सातपूरच्या एका फाउंड्रीत साचे भरायला लागला. त्याला सगळे मेस्त्री म्हणत. मी त्याच फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो आणि चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत एकटा राहायचो.

माझं गाव अक्कलकोटकडचं. घरात मराठी, शेतात कानडी. हे कळल्यावर मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझा हात धरला. म्हणाले, "मी दिवसभर भट्टीवर. तिला इथलं काही कळत नाही. तू तिचं तोंड हो." मी तेवीस वर्षांचा होतो. कुणाला तरी आपली गरज आहे याचंच मला अप्रूप वाटलं. त्या दिवसापासून माझी रोजची भाकरी अक्काच्या चुलीवर होऊ लागली आणि मी तिचा तम्मा झालो. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

परक्या राज्यात आल्याची अक्काला लाज नव्हती. आपलं बोलणं समोरच्याला कळत नसेल तर तो त्याचा कमीपणा, असं तिचं मत. भाजीवाल्याशी ती कानडीत घासाघीस करायची आणि बरोबर भाव पाडून घ्यायची. मात्र गोष्ट जरा अवघड झाली की मला पुढे करायची. तिचं एक पालुपद होतं, "देवानं तोंड पूर्ण दिलंय, अर्धं कशाला उघडायचं?" आणि माझा स्वभाव नेमका अर्धं तोंड उघडणाऱ्याचा.

रेशनच्या दुकानात किडकी ज्वारी मिळाली, तेव्हा ती दुकानदाराला म्हणाली, "हे आम्हाला देतोस, मग बैलांसाठी काय ठेवलंस?" मी मराठीत सांगितलं, जरा निवडून द्याल का. त्यानं आतलं पोतं उघडलं. नळावर निकमबाई हंड्यांवर हंडे भरत बसल्या होत्या. या सिन्नरकडच्या, चाळीतल्या सगळ्यांत वजनदार बाई. अक्का मला म्हणाली, "विचार तिला, घरी हत्ती बांधलाय का?" मी विचारलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत का. निकमबाई विरघळल्या. "लय गुणाची बाई हाय. बघा, कशी इचारपूस करती," म्हणाल्या आणि आपला हंडा बाजूला घेतला. अक्कानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मी शिवी घातली की ही हसते. तू मधे काय घालतोस, गूळ?"

मी गूळच घालत होतो. भांडणं टळत होती, पाणी मिळत होतं, अक्का चाळीत गरीब गाय म्हणून ओळखली जात होती. मला वाटायचं, मी फार शहाणपणाचं काम करतोय. तिचं बोलणं माझ्या तोंडातून जाताना कापलं जातंय, आणि कापणारा मी आहे, हा विचार एकदाही मनात आला नाही.

दुसऱ्या वर्षी अक्काला दिवस गेले. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिनं मला दारातच थांबवलं आणि सगळं सांगितलं. तीन दिवसांपासून रक्त जातंय, कालपासून गाठी पडतायत, ओटीपोटात कळा येतायत, पोर हलत नाही. गोठ्यातल्या म्हशीबद्दल सांगावं तितक्या सरळपणे. मी खाली मान घालून ऐकत होतो. मेस्त्रींनी त्या दिवशी रजा मागितली होती, पण ओतकामाचा दिवस, फोरमननं सोडलं नाही. निकमबाई लग्नाला सिन्नरला गेलेल्या. माझी साप्ताहिक सुट्टी होती. मग मीच निघालो.

दवाखाना म्हणजे एकच खोली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे बाकावर चार-पाच माणसं आणि त्यातले दोघे आमच्या फाउंड्रीतले. एक टाइमकीपर. तो सगळ्यांची टिंगल करायचा. मला बघून त्यानं भुवया उडवल्या. आत अक्कानं पुन्हा सगळं सांगितलं, तिच्या नेहमीच्या आवाजात. कानडी कळत नसलं तरी बाकावरचे कान देऊन ऐकत असणार. तिचं झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "पोटात दुखतंय जरा. अशक्तपणा आहे."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कितवा महिना विचारला, नाडी पाहिली, आणि मग स्पष्ट विचारलं, "अंगावरून काही जातंय का?"

पडद्यापलीकडे शांत झालं होतं. माझे कान तापले. मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी गोळ्या आणि टॉनिक लिहून दिलं. दुखणं थांबलं नाही तर लेडी डॉक्टरकडे न्या, म्हणाले. रस्त्यात अक्का म्हणाली, "मी एवढं बोलले, तू एवढुसंच सांगितलंस." मी म्हणालो, मराठीत थोडक्यात होतं. तिला ते पटलं. हसली आणि म्हणाली, "म्हणून इथली माणसं लवकर गप्प बसतात."

त्यानंतरचे तीन दिवस मी तिच्या दारावरून जाताना फक्त "कसं आहे" विचारत होतो. ती म्हणायची, गोळ्यांना वेळ लागत असेल. लेडी डॉक्टरकडे चल, हे म्हणायला तीन दिवस होते माझ्याकडे. म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती मोरीत पडली. मेस्त्री भट्टीवरून तसेच धावत आले, अंगावर काळी वाळू. टेम्पोत घालून सिव्हिलला नेलं. पोर गेलं. मुलगा होता. अक्का वाचली, पण पिशवी काढावी लागली. तिथले तरुण डॉक्टर मेस्त्रींना म्हणाले, चार दिवस आधी का नाही आणलंत, कुठे दाखवलं नव्हतं का? मेस्त्री म्हणाले, "दाखवलं होतं साहेब. अशक्तपणा आहे म्हणाले." मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, "मी गेलो असतो तिच्याबरोबर, तर असं झालं नसतं. फोरमननं नाही म्हटलं आणि मी गप्प बसलो." मी चहा आणायला गेलो.

चाळीनं त्या डॉक्टरांना नावं ठेवली. तीही मी ऐकून घेतली.

महिन्याभरानं अक्का हिंडूफिरू लागली आणि तिनं मला सांगितलं, "आता मला मराठी शिकव. नर्स काहीतरी विचारत होती आणि मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होते. आता माझं मी बोलणार." मी भाजीपाल्याची, भांड्यांची नावं शिकवली आणि मग कामाची सबब सांगून टाळू लागलो. तिनं माझी वाट पाहिली नाही. निकमबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. पुढे शांता शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्याकडून पहिलीचं पुस्तक मोठ्यानं वाचून घ्यायची आणि तितक्याच मोठ्यानं मागोमाग म्हणायची. तिच्या बोलण्यात भाजी पुल्लिंगी व्हायची, दूध स्त्रीलिंगी. चाळ हसायची आणि तीही हसायची. मी मात्र तिचा प्रत्येक नवा शब्द मोजत होतो. दुखणं आलं. ताप आला. एक दिवस ती जेवायला वाढताना म्हणाली, "तम्मा, अशक्तपणा म्हणजे हात-पाय गळणं, ना?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आणि मग एक सकाळ. नळावर बायका कुणाच्या तरी सुनेविषयी बोलत होत्या. निकमबाई म्हणाल्या, तिच्या अंगावरून लय जातंय, दवाखान्यात न्यायला पाहिजे. मी दात घासत उभा होतो. अक्का हंडा उचलत होती. तिनं तो परत खाली ठेवला. निकमबाईंना तिनं एकच विचारलं, अंगावरून म्हणजे काय. त्यांनी सांगितलं. अक्का सावकाश माझ्याकडे वळली आणि बघत राहिली. डॉक्टरांचा प्रश्न तिच्या कानात तसाच राहिला असणार, आणि "नाही" हा शब्द तर तिला नाशकात उतरल्यापासून येत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी "आवरा लवकर" म्हणून ओरडलं. ती हंडा घेऊन गेली.

त्या दिवशी ती बोलेल, मेस्त्रींना सांगेल, म्हणून मी कामावरून घरी जायला घाबरत होतो. गेलो तर ताट वाढलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही. जिला हळू बोलता येत नव्हतं ती गप्प राहिली, आणि मी वर्षानुवर्षं तिच्या हातची भाकरी खात राहिलो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आळंदकडचंच एक गवंड्याचं जोडपं चाळीत आलं. बायको मल्लव्वा, कोवळी पोर, सहावा महिना. एका दुपारी कळलं, तिलाही तसंच सुरू झालंय. गवंडी घाबरून माझ्याकडे आला, कारण जुन्या सवयीनं सगळे माझ्याकडे येत. अक्का मधे पडली. "मी बोलणार," म्हणाली. "तू फक्त चल." चाळीतल्या बायका म्हणत होत्या, त्या डॉक्टरकडे नको, त्याच्यामुळेच तुझं पोर गेलं. अक्का म्हणाली, "त्याच डॉक्टरकडे. तो प्रश्न बरोबर विचारतो."

तोच पडदा, तोच बाक, बाकावर माणसं. अक्कानं मला आत नेलं आणि भिंतीशी उभं केलं. डॉक्टरांनी विचारलं, "अंगावरून जातंय का?" अक्कानं मल्लव्वाला कानडीत विचारलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितलं, "जातंय. कालपासून. गाठी पडतात. ओटीपोटात कळ येतो." एकही शब्द कमी नाही. डॉक्टर ताडकन उठले. रिक्षा बोलावून तिला तसंच सिव्हिलला धाडलं. मल्लव्वा तिथं तीन आठवडे पडून होती आणि पुढे तिला मुलगी झाली, नीट, पूर्ण दिवसांची.

रिक्षा गेल्यावर दवाखान्याच्या पायरीवर आम्ही दोघंच उरलो. आत बाकावरची माणसं विडी-काडीच्या गप्पा पुन्हा सुरू करत होती. अक्का म्हणाली, "बघ तम्मा. बाकावरचं मेलं का कुणी?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. ती थांबली होती. मी बोलावं म्हणून थांबली होती, हे मला त्याही वेळी कळत होतं. मी म्हणालो, "चल, ऊन लागेल."

चौऱ्याऐंशीच्या सुमारास फाउंड्रीत काम कमी झालं. मेस्त्रींना पहिल्या फेरीत घरी बसवलं आणि त्यांनी आळंदला परतायचं ठरवलं. मी स्टँडवर पोचवायला गेलो. सोलापूरची गाडी लागली होती. मेस्त्री ट्रंक टपावर चढवत होते. अक्का खिडकीत बसून मराठीत म्हणाली, "ते दरवर्षी त्या तारखेला जेवत नाहीत. मी रजा घेतली नाही, मी रजा घेतली नाही, एवढंच बोलतात. तू सांग त्यांना." मी गजाला धरून उभा होतो. ती म्हणाली, "मला सांगता येतं. पण तुझ्या वतीनं मी बोलणार नाही. ते तुझं तू सांग." मेस्त्री खाली उतरले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तू होतास म्हणून परमुलखात दिवस काढले. गाडी सुटली.

अक्का गेल्याचं शांताचं पत्र गेल्या वर्षी आलं. मी आळंदला जाऊन आलो. मेस्त्री ओट्यावर बसलेले, थकलेले, नजर कमी झालेली. आवाज ओळखून त्यांनी माझा हात चाचपला. अक्काबद्दल बोलता बोलता ते पुन्हा तिथंच आले. "त्या दिवशी मी रजा घेतली असती, तर तिला एक मुलगा असता." शांता शेजारी होती, गावातली दोन माणसं होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मेस्त्रींना म्हणालो, "नशीब."

माझी पन्नाशी उलटून गेली आहे. मेस्त्री अजून आहेत. डॉक्टरांना खोटं मी सांगितलं, मेस्त्रींच्या रजेचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो.